चहा स्ट्राँग, गाडी पॉवरफुल

इंग्रजी शिकणाऱ्याच्या वहीत कधी ना कधी अशी ओळ येतेच: स्ट्राँग म्हणजे बळकट, पॉवरफुल म्हणजे बळकट, रोबस्ट म्हणजे बळकट, स्टर्डी म्हणजेही बळकट. ओळ पाठ होते. मग एक दिवस कोणी हॉटेलात ‘पॉवरफुल टी’ मागतो, कोणी आपल्या मोटारसायकलचं इंजिन ‘व्हेरी स्ट्राँग’ असल्याचं सांगतो, आणि ऐकणारा क्षणभर थबकतो. व्याकरण बिनचूक असतं, अर्थही पोचलेला असतो, तरी काहीतरी खटकतं. आणि मग हमखास विचारला जाणारा प्रश्न पुढे येतो: चारही शब्दांचा अर्थ एकच असेल, तर एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?

कारण चौघांचा अर्थ एक नाही. बळ आणि सुधारणा या दोन कल्पनांभोवती इंग्रजीत जेवढे शब्द जमले आहेत, तेवढे फार थोड्या कल्पनांच्या वाट्याला आले असतील. त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या वस्तूतून निघाला आहे. कोणी लाकडातून, कोणी धाग्यातून, कोणी शेतातून, एक तर चक्क उंदरातून. ती वस्तू दिसली की शब्द कुठे चालेल याचा अंदाज येऊ लागतो.

१. शब्दाचा शेजार

आधी मराठीकडे पाहू. चहा कडक असतो, पाया भक्कम असतो, मत ठाम असतं, पुरावा सबळ असतो, शक्यता दाट असते, वास उग्र असतो, उजेड प्रखर असतो, औषध जालीम असतं आणि मन खंबीर असतं. मराठी माणूस चुकूनही ‘जालीम पाया’ किंवा ‘दाट पुरावा’ म्हणत नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. कानाने ते आपसूक टिपलेलं असतं.

या नवांपैकी बहुतेक ठिकाणी इंग्रजीत एकटा ‘स्ट्राँग’ पुरतो. स्ट्राँग टी, स्ट्राँग फाउंडेशन, स्ट्राँग ओपिनियन, स्ट्राँग एव्हिडन्स, स्ट्राँग पॉसिबिलिटी, स्ट्राँग स्मेल. उलट आपला ‘कडक’ इंग्रजीत गेला की त्याची खांडोळी होते. कडक चहा स्ट्राँग, कडक शिस्त स्ट्रिक्ट, कडक इस्त्री क्रिस्प, कडक झालेली भाकरी हार्ड, कडक ऊन हार्श. म्हणून ‘कडक म्हणजे काय’ हा प्रश्न अर्धवट आहे. कशाचा कडकपणा, हे विचारल्याशिवाय इंग्रजी शब्द हाती येत नाही.

शब्दांच्या अशा नेहमीच्या सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. साधं नाव द्यायचं तर शब्दाचा शेजार. ही कल्पना 1950च्या दशकात जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने पुढे आणली. फर्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी 1966 साली जे उदाहरण दिलं, ते आजही शिकवलं जातं: चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो; गाडी ‘पॉवरफुल’ असते; आणि युक्तिवाद मात्र दोन्ही असू शकतो.

पावसावाऱ्याचंही तसंच आहे. आपल्याकडे पाऊस जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत वारा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’. ‘स्ट्राँग रेन’ म्हटलं की शेजार बिघडला.

२. बादलीभर पाण्याचं गणित

फोर्स, एनर्जी आणि पॉवर हे तिन्ही शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळं करायला शाळेतलं विज्ञान उपयोगी पडतं. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना नेमके प्रतिशब्द आहेत: फोर्स म्हणजे बल, एनर्जी म्हणजे ऊर्जा, पॉवर म्हणजे शक्ती.

समजा, दहा लिटर पाण्याची बादली एका मजल्यावर न्यायची आहे, म्हणजे साधारण तीन मीटर वर. बादलीचं वजन सोडून द्या, पाणी दहा किलो. ते तोलून धरायला सुमारे 100 न्यूटन बल लागतं. हा झाला फोर्स. तीन मीटर चढवलं की 100 गुणिले 3, म्हणजे 300 ज्यूल ऊर्जा खर्च झाली. ही एनर्जी. आता एकजण बादली दहा सेकंदांत वर नेतो आणि दुसरा पाच सेकंदांत. दोघांचं बल तेवढंच, ऊर्जाही तेवढीच. पण पहिल्याची पॉवर 30 वॅट झाली आणि दुसऱ्याची 60 वॅट. पॉवरमध्ये वेळ मोजली जाते.

इंजिन ‘पॉवरफुल’ का म्हणायचं, ते इथे उलगडतं. इंजिनाकडून आपल्याला हवं असतं ते ठरावीक वेळात जास्त काम. स्कॉटलंडच्या जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिनं गिऱ्हाइकांना समजावून सांगताना घोड्याच्या कामाशी तुलना केली आणि ‘हॉर्सपॉवर’ हे माप रूढ झालं. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॅट. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीच्या पट्टीवर 3.7 किलोवॅट लिहिलेलं असतं, ते याच गुणाकारातून आलेलं.

स्ट्रेंग्थचा रोख वेगळा आहे. किती भार सोसता येतो, किती तग धरता येतो, याचं ते मोजमाप. बांधकामावर ‘एम 20’ काँक्रीट म्हणतात. त्यातले 20 म्हणजे घातल्यापासून 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसण्याची क्षमता. काँक्रीट स्वतः काही काम करत नाही, ते उभं राहतं. म्हणून पूल स्ट्राँग असतो. पुलाला पॉवरफुल म्हणावंसं इंग्रजाला वाटत नाही, कारण पूल कुठे जात नाही आणि कशाला ढकलत नाही.

हेच धोरण माणसांनाही लावता येतं. आघात सोसून उभी राहिलेली बाई ‘स्ट्राँग वुमन’. जिच्या एका सहीने निर्णय फिरतात ती ‘पॉवरफुल वुमन’. एकच बाई दोन्ही असू शकते, पण विशेषणं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘फोर्स’मध्ये मात्र जबरदस्तीची छटा लवकर येते. ‘बाय फोर्स’ म्हणजे बळजबरीने. ‘फोर्स्ड स्माइल’ म्हणजे ओढूनताणून आणलेलं हसू.

स्ट्रेंग्थचा आणखी एक अर्थ मराठी शाळांना चांगलाच परिचयाचा आहे. ‘वर्गाची स्ट्रेंथ साठ’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा त्यांना पट म्हणायचा असतो. हा अर्थ सैन्यातून आला, कारण फौजेचं बळ डोक्यांवरून मोजलं जाई. मराठीने तोच विचार ‘संख्याबळ’ या शब्दात केला आहे. 288 सदस्यांच्या विधानसभेत बहुमताला 145 लागतात, तेव्हा सगळी चर्चा संख्याबळाचीच असते. आणि मुलाखतीत ‘व्हॉट आर युअर स्ट्रेंग्थ्स’ असं विचारतात, तेव्हा अनेकवचनामुळे अर्थ पुन्हा वळतो. तिथे हव्या असतात जमेच्या बाजू.

३. बांगडी, वेत आणि चप्पल

काचेची बांगडी हार्ड असते. नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही. पण फरशीवर पडली की फुटते, म्हणजे ती टफ नाही. टायरच्या तळव्याच्या चपलेवर सुरीने सहज चिरा पाडता येईल, तरी ती वर्षानुवर्षं दगडधोंडे सोसते. ती टफ.

मराठीत या जोडीला सुंदर शब्द आहेत: हार्ड म्हणजे कठीण, टफ म्हणजे चिवट. हिरा सगळ्यांत कठीण नैसर्गिक खनिज, मोहच्या मापपट्टीवर दहापैकी दहा. तरीही योग्य दिशेने घाव बसला तर हिरा दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या या गुणाचा उपयोग करत आले आहेत. कठीणपणा आणि चिवटपणा एकाच वस्तूत असतीलच असं नाही, हे लक्षात आलं की ‘टफ काँपिटिशन’ आणि ‘हार्ड फॅक्ट्स’ यांतला फरक पाठ करावा लागत नाही. स्पर्धा शेवटपर्यंत दमवते, सहजी तुटत नाही. वस्तुस्थितीवर ओरखडा उमटत नाही.

स्टिफ म्हणजे ताठ, न वाकणारं. मान धरली की ‘स्टिफ नेक’. आणि वेत? तो वाकतो, सोडला की झपकन सरळ होतो. त्याला ‘रेझिलियंट’ म्हणायचं. लॅटिनमध्ये ‘रेसिलिरे’ म्हणजे मागे उडी घेणं. पूर ओसरल्यावर दुकानाची फळी पुन्हा उघडणारं गाव रेझिलियंट असतं, कारण ते वाकलं आणि परत उभं राहिलं. वर्तमानपत्रं हा शब्द हल्ली कोणत्याही संकटानंतर वापरतात. तो शोभतो तो परत उभं राहणं घडलं असेल तिथेच.

४. शब्दांच्या पोटात काय आहे

मराठी मुलं दंड आवळून दाखवतात त्याला आपण बेटकुळी म्हणतो. कातडीखाली बेडकी बसल्यासारखं दिसतं, म्हणून. रोमन लोकांना तिथे बेडकीऐवजी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर आणि ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. त्यातूनच इंग्रजी ‘मसल’ आला. आपल्या ‘मूषक’ शब्दाचं ‘मुस’शी जवळचं नातं आहे, तेव्हा हा उंदीर आपल्याही घरातलाच. मसलच्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा ‘सी’ अनेकांना छळतो. ‘मुस्कुलुस’ आठवला की तो ‘सी’ कुठून आला ते दिसतं, आणि मग तो विसरत नाही.

‘रोबस्ट’च्या पोटात लाकूड आहे. लॅटिन ‘रोबुर’ म्हणजे ओक वृक्ष आणि त्याचं टणक लाकूड. इंग्लंडच्या ओकचं शास्त्रीय नावच ‘क्वेर्कस रोबुर’ आहे. आपल्याकडे सागाची किंवा खैराची जी पत, ती तिकडे ओकची. म्हणून रोबस्ट म्हणजे नुसतं ताकदवान नाही, तर घडणच अशी की ऊनपाऊस खाऊनही टिकेल. ‘रोबस्ट इकॉनॉमी’, ‘रोबस्ट सिस्टीम’, ‘रोबस्ट हेल्थ’. कोर्टाच्या बातम्यांत येणारा ‘करॉबोरेट’ हा याच झाडाचा फाटा. एका साक्षीदाराच्या म्हणण्याला दुसऱ्या पुराव्याने पुष्टी देणं, म्हणजे साक्षीला ओकचा वासा लावणं.

‘स्टॅमिना’ धाग्यातून आला. लॅटिनमध्ये ‘स्टामेन’ म्हणजे मागावरचा उभा धागा, आणि ‘स्टामिना’ हे त्याचं अनेकवचन. माणसाच्या आयुष्याचा धागा दैवी स्त्रिया कातत असतात अशी रोमन लोकांची श्रद्धा होती. धागा चिवट, तर आयुष्य लांब. येवल्याच्या पैठणीवाल्याला ही कल्पना लगेच पटेल, कारण ताणा तुटला तर वर कितीही सुरेख मोर विणले तरी वस्त्र राहत नाही. वनस्पतिशास्त्रातही ‘स्टेमेन’ आहे. फुलातल्या धाग्यासारख्या पुंकेसराला तेच नाव मिळालं. तेव्हा स्टॅमिना शब्द वापरायचा तो लांब पल्ल्यासाठी. शंभर मीटरच्या शर्यतीत स्पीड लागतो, मॅरेथॉनला स्टॅमिना.

सगळ्यांत पसरलेलं कुटुंब आहे ‘वालेरे’ या लॅटिन क्रियापदाचं. अर्थ: सशक्त असणं. व्हॅलिड म्हणजे ज्याच्यात अजून बळ आहे असा. पासपोर्टची मुदत संपली की तो इनव्हॅलिड, म्हणजे निर्बळ. व्हॅल्यू म्हणजे एखाद्या गोष्टीत असलेलं बळ, किंमत. व्हॅलर म्हणजे शौर्य. प्रिव्हेल म्हणजे बळाने वरचढ ठरणं. दुखण्यातून उठून हळूहळू ताकद भरून येते त्याला ‘कॉन्व्हलेसन्स’ म्हणतात. रसायनशास्त्रातली ‘व्हॅलन्सी’, म्हणजे संयुजा, ही अणूची इतर अणूंशी जोडून घेण्याची ताकद. पारपत्र, बाजार, रणांगण, आजारपण आणि प्रयोगशाळा अशा पाच जागी पाच वेळा स्वतंत्रपणे पाठ केलेले शब्द एका धाग्यात येतात.

‘फोर्टिस’ म्हणजे बलवान. त्यातून फोर्स आला, फोर्ट आला, एफर्ट आला. मुंबईच्या फोर्टची तटबंदी 1860च्या दशकात पाडली गेली, पण नाव लोकलच्या प्रवाशांच्या तोंडी टिकून आहे. दुधाच्या पिशवीवर किंवा तांदळाच्या पाकिटावर ‘फोर्टिफाइड’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ जीवनसत्त्वं किंवा लोह मिसळून तटबंदी केलेलं. ‘धिस इज माय फोर्टे’ म्हणजे यात माझा हातखंडा आहे. तलवारबाजीत पात्याचा मुठीजवळचा सगळ्यांत मजबूत भाग म्हणजे फोर्टे. आणि ‘कम्फर्ट’! आज त्याचा अर्थ गादीवर लोळण्याइतका मऊ झाला आहे. मुळात तो होता बळ देणं. दुःखी माणसाचं सांत्वन करणं याला इंग्रजीत ‘टू कम्फर्ट’ म्हणतात, तिथे जुना अर्थ अजून धुगधुगतो: खचलेल्याला धीर देणं.

‘व्हिगर’ म्हणजे जोम. तो ज्या लॅटिन धातूकुळातून आला त्यातूनच ‘व्हेजिटेबल’ही आला. मूळ अर्थ जिवंत, वाढणारं. संस्कृतातला ‘वाज’, म्हणजे बळ आणि वेग, याच प्राचीन मुळाशी जोडला जातो. ‘वाजी’ म्हणजे घोडा आणि आयुर्वेदातलं ‘वाजीकरण’ त्यातलंच.

५. स्ट्राँगला शेपूट का लागत नाही

काळं करणं, जाड करणं, गोड करणं अशा क्रिया सांगायला इंग्रजी विशेषणाला ‘एन’ जोडते. ब्लॅकचं ब्लॅकन, शार्पचं शार्पन, स्वीटचं स्वीटन, डीपचं डीपन, वीकचं वीकन, टफचं टफन, हार्डचं हार्डन. मग शिकणारा सरळ मार्गाने ‘स्ट्राँगन’ करून टाकतो. असा शब्द नाही. ‘ग्रीनन’ नाही, ‘स्लोअन’ नाही, ‘थिनन’ही नाही. असं का?

कारण कानात आहे. शेवटी क, ट, प, ड, फ, स, श यांसारखा हवा अडवणारा किंवा घासणारा आवाज असेल, तरच ‘एन’ चिकटतं. शेवटी न, म, ल, ङ असे घुमणारे आवाज किंवा स्वर असेल तर चिकटत नाही. थिक हा ‘क’वर थांबतो, म्हणून थिकन होतं. थिन हा ‘न’वर थांबतो, म्हणून ‘टू थिन’ तसंच वापरतात. वॉर्म, कूल, ड्राय, क्लिअर हे सगळे त्याच पंगतीतले. नियम एका बाजूनेच पक्का आहे, एवढं ध्यानात ठेवावं. शेवटी ‘ड’ असूनही ‘कोल्डन’ रूढ नाही.

स्ट्राँग आणि लाँग ‘ङ’वर संपतात, हाय स्वरावर संपतो. म्हणून इंग्रजीने वळसा घेतला: आधी नाम करायचं, मग त्याला शेपूट लावायचं. स्ट्राँग, स्ट्रेंग्थ, स्ट्रेंग्थन. लाँग, लेंग्थ, लेंग्थन. हाय, हाइट, हाइटन.

नाम करताना ‘आँ’चा ‘ए’ का झाला, हाही प्रश्न रास्त आहे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी या नामांच्या प्रत्ययात ‘इ’ होता. पुढे ‘इ’ म्हणायचा आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची आणि मागचा स्वर बदलायचा. नंतर ‘इ’ गळून गेला, बदललेला स्वर राहिला. फुटचं फीट आणि मॅनचं मेन याच कारणाने होतं. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. शूरचं शौर्य होतं, धीरचं धैर्य होतं. विशेषणाचं नाम होताना आतला स्वर बदलणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शौर्य जसं शूरचं, तसं स्ट्रेंग्थ स्ट्राँगचं, असं म्हणून पाहिलं की ‘स्ट्राँगनेस’ लिहिण्याचा मोह आपोआप कमी होतो.

६. सुधारणा किती प्रकारची

मराठीत ‘सुधारणा’ हा शब्द फार मोठा संसार सांभाळतो. तब्येतीत सुधारणा, समाजात सुधारणा, कायद्यात सुधारणा, बियाण्याचं सुधारित वाण, पुस्तकाची सुधारित आवृत्ती. इंग्रजीत या पाचांना वेगवेगळे शब्द लागतात.

‘इंप्रूव्ह’पासून सुरुवात करू, कारण त्याची गोष्ट मुंबईपर्यंत येते. जुन्या फ्रेंचमधल्या ‘प्रू’चा अर्थ नफा. ‘इंप्रूव्ह’ म्हणजे नफ्यात आणणं, आणि नफा द्यायची ती मुख्यतः जमीन. पडीक जागा लागवडीला आणणं, पाणथळ जागेचा निचरा करणं याला इंग्लंडमध्ये इंप्रूव्हमेंट म्हणत. वॉल्टर ब्लिथ या लेखकाने 1649 साली शेतीवर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव होतं ‘द इंग्लिश इंप्रूव्हर’. ‘आहे त्यापेक्षा चांगलं करणं’ हा सर्वसाधारण अर्थ त्यानंतर पक्का झाला. पण जमिनीचा अर्थ सुटला नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी 1898 साली सरकारने जी संस्था काढली, तिचं नाव ‘बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’. तिने रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याची आखणी केली आणि चाळी बांधल्या. मुंबईकर ज्यांना आजही बीआयटी चाळी म्हणतात, त्यातल्या ‘आय’मध्ये तो जुना इंप्रूव्हमेंट आहे. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले.

आजच्या वापरात ‘इंप्रूव्ह’ दोन्ही बाजूंनी चालतो: ‘माय इंग्लिश इंप्रूव्ह्ड’ आणि ‘आय इंप्रूव्ह्ड माय इंग्लिश’. आपली सवय मात्र ‘सुधारणा करणे’ची. त्यामुळे ‘आय डिड इंप्रूव्हमेंट इन इंग्लिश’ असं वाक्य जन्माला येतं. तिथे ‘करणे’ टाकून देऊन थेट क्रियापद वापरावं. आणि ‘इंप्रूव्ह ऑन’ म्हणजे आधीच्यापेक्षा सरस करून दाखवणं. गेल्या वर्षी 70 टक्के होते, यंदा 78 मिळाले: ‘शी इंप्रूव्ह्ड ऑन हर लास्ट स्कोअर’.

चूक काढून टाकायची असेल तर ‘अमेंड’ किंवा ‘मेंड’. लॅटिन ‘मेंडुम’ म्हणजे दोष. ‘मेंड’ हे ‘अमेंड’चंच आखूड रूप. कायदा अमेंड करतात, फाटकी बाही मेंड करतात. मराठीत घटनेची दुरुस्ती होते आणि छत्रीचीही दुरुस्तीच होते. इंग्रजीने एका शब्दाचे दोन तुकडे करून एक संसदेला दिला, एक शिंप्याला.

व्यवस्थेचा साचाच बदलायचा असेल तर ‘रिफॉर्म’. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 साली काढलेल्या पत्राचं नाव ‘सुधारक’. तिथला सुधारक म्हणजे रिफॉर्मर. त्याला इंप्रूव्हर म्हटलं तर आगरकरांचा सगळा लढा डागडुजीच्या पातळीवर उतरेल.

‘एन्हान्स’ हा चांगल्याला अधिक चांगलं करणारा शब्द. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘आल्तुस’ आहे, म्हणजे उंच. आहे त्याला आणखी वर उचलणं. कोथिंबीर आमटीची चव एन्हान्स करते. आमटी करपली असेल तर काय एन्हान्स करणार? आजारी माणसाची तब्येत इंप्रूव्ह होते, एन्हान्स होत नाही. अर्जांमधून आणि अहवालांमधून हा शब्द सरसकट फेकला जातो, आणि त्यामुळे त्याची धार गेली आहे. जपून वापरला तर तो अजून कामाचा आहे.

धारेवरून आठवतो ‘होन’. जुन्या इंग्रजीत हा शब्द दगडाचा होता. त्यातून धार लावायचा दगड, आणि मग त्या दगडावर पातं घासणं. म्हणून होन करायचं ते कौशल्य, स्किल. संपत्ती किंवा तब्येत होन होत नाही, कारण तिला पातं नाही. ‘बोल्स्टर’ म्हणजे चक्क लोड, बैठकीवर पाठीमागे ठेवतो तो. पाठीला लोड दिला की बसणारा सावरून बसतो. ‘टू बोल्स्टर कॉन्फिडन्स’ म्हणजे आत्मविश्वासाला लोड देणं. ‘प्रॉप अप’ आणि ‘शोअर अप’ म्हणजे टेकू देणं. जुन्या इमारतीला टेकू लागतात तसेच डळमळत्या सरकारलाही लागतात, हे मराठी आणि इंग्रजी पत्रकारांना सारखंच सुचलं आहे. पण लोड आणि टेकू यांत फरक आहे. लोड बसलेल्याला सुख देतो, टेकू पडत्याला धरतो. ‘प्रॉप अप’ म्हटलं की आधार काढला तर कोसळेल, अशी सूचना त्यात येतेच.

७. तालीम

तालीम हा मूळ अरबी शब्द. अर्थ: शिकवणं. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला मिळाला आणि नाटकाच्या सरावालाही. इंग्रजी ‘एक्सरसाइझ’नेही तसाच प्रवास केला: मैदानावर व्यायाम, वहीत स्वाध्याय. शब्द शिकताना दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण एकदा वाचलेला शब्द टिकत नाही, तो पुन्हा पुन्हा उचलावा लागतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे आणि ते किती वेगाने विसरतात ते मोजायचं. 1885 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं, मग मंदावतं. आणि एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली यावर घरगुती तोडगा सुचवला. पाच कप्प्यांची पेटी घ्यायची. नवा शब्द चिठ्ठीवर लिहून पहिल्या कप्प्यात. बरोबर आठवला की पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे कप्पे क्रमाने जास्त दिवसांनी उघडायचे. बुटांच्या खोक्याला पुठ्ठ्याच्या चार आडव्या पट्ट्या लावल्या की पेटी तयार.

चिठ्ठीवर काय लिहायचं, हे जास्त महत्त्वाचं. ‘रोबस्ट = बळकट’ एवढंच लिहिलं तर या प्रकरणाच्या सुरुवातीची वही पुन्हा तयार होईल. एका बाजूला शब्द. दुसऱ्या बाजूला त्याचे दोन शेजारी, त्याच्या पोटातली वस्तू आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. रोबस्ट: सिस्टीम, हेल्थ, ओकचं लाकूड, आजीची तब्येत ऐंशीव्या वर्षीही रोबस्ट आहे.

आता थोडा सराव. पुढची चार वाक्यं इंग्रजीत नेताना अडेल तो शब्द कोणता, ते आधी मनाशी ठरवावं आणि मग पुढे वाचावं. डॉक्टरांनी जालीम औषध दिलं. अपक्षांनी सरकारला टेकू दिला. गोड गळा होताच, रियाजाने तो आणखी खुलला. आजोबांना आता बरं आहे.

पहिल्यात स्ट्राँग, कारण औषधाचा शेजारी तोच. पॉवरफुल औषध ऐकू येतं, पण डोसबरोबर स्ट्राँगच शोभतो. दुसऱ्यात ‘प्रॉप्ड अप’. तिसऱ्यात इंप्रूव्ह चुकीचा नाही, पण त्यातून गळा आधी बेताचा होता असं ध्वनित होतं. एन्हान्स इथे त्याच्या हक्काच्या जागी आहे. चौथ्यात मात्र थांबावं लागतं. ‘ही इज बेटर’ म्हटलं तर कालच्यापेक्षा आज उतार आहे असाही अर्थ होतो आणि आजार गेला असाही होतो. आपल्या ‘बरं आहे’मध्येही तोच दुहेरीपणा आहे. आजोबा अजून अंथरुणावर पेज घेत असतील तर ‘ही इज फीलिंग बेटर’. आणि काठी टेकत सकाळी पारावर जाऊन बसायला लागले असतील, तर ‘ही हॅज रिकव्हर्ड’.